धुण्याची दोरी

२ मार्च १९७६

तू दहा वर्षांचा होतास. त्या दिवशी सकाळी मी चादरी वाळत घालत होते. तू अंथरुणातून उठून तसाच अनवाणी बाल्कनीत आलास आणि दोरीला लोंबकळलास. मी ओरडले, "खाली हो, तुटेल!" तुझे बाबा आत दाढी करत होते. गालावर फेस तसाच ठेवून ते दारात आले.

"लोंबकळू दे गं," ते म्हणाले. "मला आभाळातून खाली आणलंय तिने. या चिमणीच्या वजनाने काय तुटणार?"

तू दोरी सोडलीस आणि विचारलंस, "आभाळातून म्हणजे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिमटे दातांत धरले होते आणि हातात ओली चादर होती. मी नुसती मान हलवली. त्यांनी त्याचा अर्थ काय घेतला कोण जाणे, पण ते खाली बसले आणि तुला सगळं सांगितलं. अवकाशातून परतताना यान एकीकडे पडलं, ते दुसरीकडे. व्होल्गाकाठच्या एका खेड्यात, उस्तिन्या मावशीच्या बटाट्यांच्या शेतात, पाय वर. मावशी खुरपं उगारून धावत आली आणि म्हणाली, "देवाचा असशील तर बोल, हेर असशील तर पळ!" तू इतका हसलास की तुला उचकी लागली. पॅराशूटच्या दोरीचा एक तुकडा त्यांनी अंगरख्यात लपवून आणला होता, कारण चांगली दोरी टाकून द्यायला आम्हा दोघांनाही कधी जमलं नाही. खेड्यातली माणसं. ती मी धुण्याला बांधली. सगळ्या गावासमोर.

हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी तुला बजावलं होतं की नाही, यावरून आमचं पुढे पुष्कळ वर्षं भांडण चाललं. ते म्हणत, बजावलं होतं. मी त्यांना म्हणायचे, "तू फेस धुवायला गेलास आणि विसरलास, तिमोशा."

हे सगळं मी आजवर पत्रात लिहिलं नव्हतं. आमच्या या कुंपणातल्या गावातून जाणारी पत्रं वाटेत उघडली जातात हे तुलाही माहीत आहे. आता वाचू दे. बाबा गेले. त्यांना आता कोण काय करणार आहे?

तार तुला मिळाली, पोच इथे आली आहे. तू आला नाहीस. तुझ्या त्या सखालिन बेटावर फेब्रुवारीत बर्फाची वादळं असतात, विमानं दिवसेंदिवस उडत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी वर्तमानपत्रात हवामान शोधलं. तिकडे त्या आठवड्यात ऊन होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

ते जिन्यात गेले. दूध आणायला उतरले होते. खालच्या मजल्यावरची रिम्मा, तुला आठवते ना, दुसऱ्या तुकडीतल्या वैमानिकाची बायको, जिची जीभ आमच्या गल्लीत सगळ्यांत लांब, तिला ते पायरीवर बसलेले दिसले. ती म्हणाली, "काय हो वीरपुरुष, दोन मजल्यांत दम लागला? आणि पृथ्वीला फेऱ्या कोणी मारल्या?" उत्तर आलं नाही तेव्हा तिला कळलं. दुधाच्या बाटल्या त्यांनी आधी नीट भिंतीशी ठेवल्या होत्या. एकही फुटली नव्हती.

रिम्मा अजून रोज येते आणि रोज तेच म्हणते, "मेलं माझं तोंड, अन्फिसा." मी तिला सांगते की शेवटचं कोणीतरी त्यांच्याशी थट्टा केली हे बरंच झालं.

शाळेला त्यांचं नाव देणार आहेत. तुझ्या शाळेला. दारात अर्धपुतळा बसवणार. बारा एप्रिलला, अवकाशदिनी, समारंभ आहे आणि मी चार शब्द बोलावेत असं ठरलंय. ही गोष्ट तुला माझ्याकडून कळावी, पेपरातून नव्हे, म्हणून लिहिते आहे.

नीट जेवत जा. जहाजावर लोकरीचे मोजे ओले झाले तर लगेच बदल.

आई

२६ मार्च १९७६

परवा बाबांचा चाळिसावा दिवस झाला. धिरडी केली, गव्हाची खीर केली, त्यांच्या नावाचा पेला भरून वर काळ्या पावाचा तुकडा ठेवला. समारंभाच्या समितीचे लोक आले होते, दोन जनरल, शाळेच्या मुख्याध्यापिका वेरोनिका पाव्लोव्हना, आणि टाय लावलेले एक गृहस्थ ज्यांचं नाव कोणीच घेत नाही.

आणि उस्तिन्या मावशी आली. व्होल्गाकाठावरून गाडी बदलत बदलत, पाठीवर गोणी. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं तर म्हणाली, "मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तुझ्या जनरलांच्याही आधी. सोड." त्याने सोडलं. गोणीत काय आणलं असेल? बटाटे.

ती टेबलाशी बसली, एक पेला प्याली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या बटाट्यांतच पडला होता बाई! अस्सा, पाय वर. कापडाचा हा एवढा ढीग अंगावर. मला वाटलं, ढगच कोसळला."

चमचे थांबले. एक जनरल खोकला. टायवाले गृहस्थ धिरड्याकडे बघत बसले. मग रिम्मा म्हणाली, "आजीबाई, खा आधी. धिरडी गार झाली की चामडं होतं त्यांचं."

"चामड्याचं मला नको सांगूस," मावशी म्हणाली. "उरलेत तेवढ्या दातांनी मी बूटही चावून खाईन."

हसू फुटलं, आणि गोष्ट टळली. रिम्माचे उपकार.

लोक गेल्यावर मी मावशीसाठी स्वयंपाकघरात अंथरूण घातलं. तुला ठाऊक नसेल, पण दर ऑगस्टमध्ये बाबा तिच्याकडे जायचे. आम्हाला सांगायचे मासेमारीला जातो. एकदाही मासा आणला नाही, मी विचारलंही नाही. ते तिच्याकडे सरपण फोडायचे, न्हाणीघराचं छप्पर दुरुस्त करायचे, आणि संध्याकाळी तिच्या पायरीवर बसायचे. मावशीने मला सांगितलं की ते तिच्याशी तुझ्याबद्दल बोलायचे.

बाबांना शाळेत बोलायला बोलावलं होतं, त्या दिवशी काय झालं ते तू पाहिलंस. मी नव्हते, मी दवाखान्यात कपड्यांच्या खोलीत ड्यूटीवर होते. मला रिम्माकडून कळलं. तुमच्या वर्गातल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "काका, ग्लेब म्हणतो तुम्ही पॅराशूटने बटाट्यांत पडलात. खरंय का?" पहिल्या रांगेत राजधानीचे पत्रकार, त्यांच्या शेजारी असेच एक टायवाले. आणि बाबा हसून म्हणाले, "आमच्या ग्लेबला गोष्टी रचायची हौस आहे. आजीवर गेलाय. यानात बसून उतरलो, बाळांनो, आरामखुर्चीत बसावं तसा." सगळा हॉल हसला. तू भिंतीशी उभा होतास, गळ्यात लाल रुमाल. पुढच्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवरच्या वर्तमानपत्रात तुझं चित्र आलं, हातात छत्री. "छत्रीवाला" हे नाव तुला शाळा सोडेपर्यंत चिकटलं.

ते का लपवायचं होतं हे तुला पुढे कळलंच असेल. तरी आईच्या शब्दांत एकदा वाच. विक्रमाच्या नियमात लिहिलं होतं की माणूस ज्या यानातून वर जातो त्यातच बसून त्याने जमिनीला टेकलं पाहिजे. आपली यानं तेव्हा फार जोरात आदळायची, आतला माणूस वाचला नसता. म्हणून त्याला वरच बाहेर फेकायचे. कागदावर मात्र यानात बसून आला असं लिहिलं गेलं, आणि बाबांनी खाली सही केली. मी वाचनालयातून ज्ञानकोशाचे खंड आणून वाचते. ल्यादोव, तिमोफेय येगोरविच, या नावापुढेही तेच छापलं आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. छापलेलं खरं असतं असं मला फार उशिरापर्यंत वाटत होतं.

मावशी म्हणाली, एका ऑगस्टमध्ये ते न्हाणीघरातून बाहेर आले, अंगावर टॉवेल, आणि एकदम बोलले. तिने ते जसंच्या तसं सांगितलं. "मावशी, मला खुर्चीसकट बाहेर फेकलं तेव्हा मी घाबरलो नाही. खाली व्होल्गा दिसत होती, सुरेख दिसत होती. शाळेत मात्र घाबरलो. पहिल्या रांगेतल्या एका माणसाने चष्मा पुसायला काढला, एवढंच. मी त्याच्या रुमालाकडे बघून बोललो. पोराकडे बघितलंच नाही."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस, मावशी?"

"काय म्हणणार? म्हटलं, जा आणि त्याला सांग. तर म्हणतो, रोज सांगायला जातो आणि रोज त्याला विचारून येतो की गणिताचा अभ्यास झाला का."

तुला आठवतं ना, ग्लेबुश्का? ते रोज विचारायचे. तू रोज म्हणायचास, "झाला," आणि दार लावून घ्यायचास.

भाषण टाइप होऊन आलं आहे. एक पान. त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, "आपल्या यानात बसून मातृभूमीवर परतला." ते मी वाचायचं आहे.

तू काय म्हणतोस ते लिही. एक ओळही पुरे.

आई

६ एप्रिल १९७६

तुझं कार्ड मिळालं. समोर बंदराचं चित्र, मागे तुझ्या हातच्या ओळी. "आई, काही बोलू नकोस. घर जाईल, पेन्शन जाईल. आणि कुणासाठी? तो दहा वर्षांचा मुलगा आता कुठेच नाही. मला त्यांच्याकडून काही नको."

चार वर्षांत तुझी इतकी वाक्यं मला एकदम मिळाली नव्हती. मी कार्ड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं आहे. चहा करताना वाचते.

रिम्मालाही मी विचारलं. ती भांडी विसळायला हात लावत होती. म्हणाली, "वाच की कागद. तुझ्या वाचण्याने तो माणूस पुन्हा यानात थोडाच शिरणार आहे? आणि घराचं काय? कुठे जाशील, तुझ्या त्या मावशीच्या न्हाणीघरात?"

"न्हाणीघराचं छप्पर तिमोशाने चांगलं घातलंय म्हणतात," मी म्हटलं.

"थट्टा नको करूस माझ्याशी, अन्फिसा. थट्टा करायचं काम माझं." मग बशी तशीच हातात धरून रडली.

तू लिहितोस, त्यांच्याकडून काही नको. म्हणून एक गोष्ट सांगते आणि मग तुला काही मागणार नाही.

चार वर्षांपूर्वी तू सखालिनला निघालास त्या दिवशी आपण तिघे राजधानीतल्या यारोस्लाव्ल स्टेशनावर होतो. गाडीला वेळ होता. तू माझ्याशी बोलत होतास, त्यांच्याशी नाही. ते म्हणाले, "पोराला वाटेत खायला घेऊन येतो," आणि टपरीकडे गेले. तिथे लोकांनी त्यांना ओळखलं. एक बाई लेकराला घेऊन पुढे आली, एकाला सही हवी होती, एका म्हाताऱ्या सैनिकाला नुसता हात हातात घ्यायचा होता. त्यांना कोणाला कधी नाही म्हणता आलं नाही. गाडी सुटली तेव्हा ते धावत आले, दोन्ही हातांत कोबी भरलेले गरम पाव, कागदातून तेल गळतंय. तू खिडकीशी नव्हतास. ते डब्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत धावले. तिथून परत यायला त्यांना फार वेळ लागला. मला वाटलं, चिडले असतील. पण ते म्हणाले, "त्याला कोबीचेच आवडतात ना? की बटाट्याचे?"

मी म्हटलं, "कोबीचे."

ते पाव त्यांनी घरी आणले. खाल्ले नाहीत, मला खाऊ दिले नाहीत. मग एके दिवशी बाल्कनीत नेऊन चिमण्यांना कुस्करून घातले.

तुला वाटलं ते सह्या देत बसले. देत होतेच. ते खोटं नाही.

आणि आता दोरीचं. शाळेतून तू घरी आलास, बाल्कनीत गेलास, दोरी ओढून काढलीस आणि चादरी खाली चिखलात पडल्या. बाबांनी ती गुंडाळली आणि मला म्हणाले, "जाळून टाक." मी हो म्हटलं. जाळली नाही. बकव्हीटच्या पिठाच्या डब्यात तळाशी घातली आणि वर पीठ ओतलं. कधी त्यांच्याशी भांडण झालं की मी डबा हलवून बघायचे, आहे ना म्हणून. त्यांनाही बहुतेक ठाऊक होतं. त्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नाही, आणि बकव्हीटची धिरडी मात्र दर रविवारी मागायचे.

परवा मी ती काढली. पीठ झटकलं. गरम पाण्यात साबण घालून धुतली. अजून पांढरी आहे.

तू म्हणतोस तो मुलगा कुठेच नाही. तुझ्यापुरतं ते खरं असेल. माझ्या इथे तो अजून बाल्कनीच्या दारात उभा असतो, अनवाणी, आणि मला उचकीसाठी पाणी मागतो. त्याला खोटा ठरवून मी सहा दिवसांनी त्या समारंभातून घरी कशी येऊ?

आई

१४ एप्रिल १९७६

तुला काळजी वाटत असेल तर आधीच सांगते, मी घरीच आहे आणि बरी आहे.

हॉलमध्ये तीच खुर्च्यांची रांग, तोच पडदा. पुतळा त्यांच्यासारखा झालेला नाही. हनुवटी दुसऱ्याच कोणाची तरी आहे. मुलांनी गाणं म्हटलं, जनरल बोलले, आणि मला बोलावलं. मी काळा झगा घातला होता आणि हातात तो टाइप केलेला कागद होता. पर्समध्ये दोरी होती. ती कशाला घेतली होती मला माहीत नाही. बाहेर काढली नाही. सोबत असलेली बरी वाटली.

मी कागद वाचायला लागले. कुठे जन्म, कुठे शिक्षण, विमानदळ. शेवटून दुसऱ्या ओळीशी आले आणि पुढे पाहिलं. पहिल्या रांगेत टायवाले गृहस्थ होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. मागे मुलं होती. एक मुलगी वेणीचं टोक चावत होती.

मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "माझा मुलगा ग्लेब ल्यादोव याच शाळेत शिकला. दहा वर्षांपूर्वी त्याने इथल्या मुलांना सांगितलं होतं की त्याचे वडील पॅराशूटने बटाट्याच्या शेतात उतरले. तेव्हा सगळे हसले. तो खोटं बोलत नव्हता. ते त्याला त्याच्या वडिलांनीच सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. वडिलांना ते इथे येऊन सांगायचं होतं. ते त्यांना जमलं नाही. म्हणून मी सांगते आहे."

मग मी बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. वाजतील असं मला वाटलंही नव्हतं. वेणीवाल्या मुलीने शेजारणीला मोठ्याने विचारलं, "मग बटाटे मोडले का?" आणि बाईंनी तिला गप्प केलं. पेटीवाल्याने घाईघाईने राष्ट्रगीत सुरू केलं.

बाहेर कोट घालताना वेरोनिका पाव्लोव्हना माझ्यापाशी आल्या. तोंड पांढरं पडलं होतं. दबक्या आवाजात म्हणाल्या, "अन्फिसा पेत्रोव्हना, हे काय केलंत तुम्ही? कशासाठी? अहो, ते आम्हा सगळ्यांना माहीतच होतं."

"सगळ्यांना?"

"म्हणजे काय? या गावात कोणाला माहीत नव्हतं? निम्म्या घरांतले पुरुष तसेच उतरलेत. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं."

बाळा, मला इतकी वर्षं वाटत होतं की ते हसले कारण त्यांना ठाऊक नव्हतं. ते जाणून हसले. दहा वर्षांच्या पोराला.

मी म्हटलं, "मग आता पोरांनाही माहीत झालं," आणि बटणं लावली.

संध्याकाळी दोघे जण आले. सभ्य होते, बूट दारात काढले. चहा घेतला. माझी तब्येत कशी आहे, झोप लागते का, दुःखात माणूस काहीही बोलून जातो, असं बरंच बोलले. मी म्हटलं, झोप लागते. मग एकाने विचारलं की एकट्या बाईला ही तीन खोल्यांची जागा मोठी होत नाही का. मी म्हटलं, होते. त्याने टिपून घेतलं. काय होईल ते कळेल तेव्हा तुला कळवीन. नव्या पत्त्यावरून कळवलं तर घाबरू नकोस. आणि मावशीकडे बटाटे भरपूर आहेत.

ते गेल्यावर रिम्मा आली. मला वाटलं आता झापणार. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी मीही होते हॉलमध्ये. तुला सांगितलं ना मी सगळं? हे नव्हतं सांगितलं की मीही हसले."

"ठाऊक होतं," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं.

तुझी हजेरी मी कधीच मागणार नाही. बाबांच्या कबरीवर लिलाकचं झाड लावायचं आहे, ते मी लावीन. त्यांना माफ कर असंही लिहिणार नाही, ते तुमच्या दोघांतलं आहे आणि एक जण आता बोलू शकत नाही. एवढंच लिहिते की शाळेत आता तुझं नाव खरं बोलणाऱ्याचं आहे.

हे सगळं बारा तारखेला, सोमवारी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले, घरातल्या सगळ्या चादरी आणि तुझ्या बाबांचे दोन सदरे धुतले, टोपली घेऊन खाली अंगणात गेले, दिव्याचा खांब आणि लिंडनचं झाड यांच्यामध्ये, सगळ्यांच्या खिडक्यांसमोर, ती दोरी बांधली आणि त्यावर ते वाळत घातले.

आई